‘सिव्हिल सोसायटी’ला मराठीत काय म्हणावं?

मैथिली: साथरोगांवरच्या प्रशिक्षण पुस्तिकेत शासनाची कामं आणि सिव्हिल सोसायटीची, म्हणजे शासनाबाहेर लोकांनी आपणहून केलेली कामं अशी दोन प्रकरणं आहेत. ‘नागरी समाज’ लिहिलं, तर तपासनीस विचारतात, ग्रामीण भाग का वगळला?

रानवाट: रास्त प्रश्न. नागरी बँक, नागरी आरोग्य केंद्र, या नावांत नागरी म्हणजे शहरी. इंग्रजी शब्दही ठेवू नका. गावाकडे सिव्हिल म्हणजे जिल्ह्याचा सरकारी दवाखाना आणि सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी.

दत्ता_क: ‘स्वयंसेवी संस्था’ काय वाईट?

रानवाट: त्यात नोंदणीकृत संस्थाच डोळ्यांसमोर येतात. २०२० मध्ये मास्क शिवणारे बचतगट, घरपोच डबे देणारी मंडळं त्यात कुठे बसवणार? मी ‘लोकसंस्था’ म्हणेन.

जुनीपोथी: १८९७ चा मूळ साथरोग कायदा बघा, जेमतेम चार कलमं. शासनाला अधिकार, अधिकाऱ्यांना संरक्षण. आदेश मोडणाऱ्याला तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम १८८ ची शिक्षा. लोक फक्त पाळणारे! त्याच वर्षी पुण्यात रँडचे सोल्जर घरं तपासत होते, तर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होते. त्या सेवेतच सावित्रीबाई गेल्या. या कामाला कायद्यात शब्दच नव्हता, म्हणून आज आपण चाचपडतोय.

डॉ_सातपुडा: पुस्तिकेत विलगीकरण आणि अलगीकरण वेगळं ठेवलंय ना? लागण झालेल्याचं विलगीकरण. संपर्कात आलेल्या, अजून धडधाकट असलेल्याचं अलगीकरण. पाट्यांवर दोन्हीला ‘विलगीकरण’ लिहिलं की दोघं एकाच हॉलमध्ये, एकाच संडासावर येतात आणि नसलेल्यालाही लागण होते. खोल्या, संडास, जेवण वाढणारा माणूस, तिन्ही वेगळे हवेत.

दत्ता_क: संस्कृतात ‘विलग्न’ म्हणजे चिकटलेला! ‘अलग’ मात्र ‘अलग्न’वरून, म्हणजे न चिकटलेला. दोन्हीकडे ‘अलगीकरण’च शुद्ध.

डॉ_सातपुडा: मराठीत विलग म्हणजे सुटा, वाचणारा तेच समजतो. एकच शब्द ठेवलात तर तोच घोळ परत.

जुनीपोथी: प्लेगात लोक गावाबाहेर झोपड्या टाकून राहत. ‘रानात राहायला जाणं’ कुणालाही कळतं.

डॉ_सातपुडा: त्यात सगळं गाव बाहेर पडायचं. इथे एकेकाला वेगळं काढायचंय.

दत्ता_क: बरं, मग रोग्याच्या संपर्कात आलेल्यासाठी ‘सहवासित’? ‘सहवासी’ हवं.

डॉ_सातपुडा: क्षयरोग, कुष्ठरोगाच्या कामात सहवासितच म्हणतात. आशाताई याद्या त्याच शब्दाने करतात, तो बदलू नका.

मैथिली: विलगीकरण-अलगीकरण वेगळं करते. पण दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक अजून कोरंच आहे. ‘लोकसंस्था’त एकटीदुकटी शेजारीण येते का?