मदत हवी आहे: निधी उभारणीचा सल्ला देते, पण माझंच शिकणं थांबलंय. सुरुवात कुठून करू?

ओंजळ (धागाकर्ती)

नमस्कार. 14 वर्षं निधी उभारणीच्या कामात आहे. पहिली सहा एका सामाजिक संस्थेत नोकरी केली, पुढची आठ स्वतंत्र सल्लागार म्हणून. प्रस्ताव लिहिणं, मोठ्या देणगीदारांच्या भेटी आखणं, पैसे मागायला कचरणाऱ्या विश्वस्तांना तयार करणं, संस्थेचा वर्षभराचा आराखडा बनवणं, हे माझं काम. काम मिळत राहिलंय, संस्था पुन्हा बोलावतात. तरीही मदत मागायला आले आहे. कारण आधी सांगते, म्हणजे प्रश्न कळेल.

एका संस्थेसाठी मी ईमेलवरून देणगीची आवाहनं पाठवायची पद्धत बसवून दिली होती. 2021 च्या शेवटी शेवटी मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण एकदम चढलं. मी तो आलेख विश्वस्तांच्या बैठकीत दाखवला. मजकूर बदलला त्याचा हा परिणाम, असं सांगितलं. त्याच आधारावर पुढच्या वर्षी ईमेलवरचा भर वाढवला आणि जुन्या देणगीदारांना जाणारी छापील पत्रं आणि फोन कमी केले. वर्ष संपलं तेव्हा देणग्या वाढल्या नव्हत्या, आणि नेमाने देणारे बरेच जण गळाले होते. संस्थेत हिशेब पाहणाऱ्या मुलीने सरळ विचारलं, "ताई, मेल उघडणारे एवढे वाढले, मग देणारे का नाही वाढले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधल्यावर सापडलं. सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलने आयफोनची आयओएस 15 ही नवी प्रणाली आणली, त्यात मेलची गोपनीयता राखणारी सोय होती. मेल उघडला की नाही हे कळण्यासाठी त्यात एक न दिसणारं चित्र ठेवलेलं असतं. ही सोय चालू असली की ते चित्र ॲपलचा सर्व्हर आधीच उतरवून घेतो. माणसाने मेल वाचलेला असो वा नसो, मोजणीत तो 'उघडला' म्हणून धरला जातो. मी यश म्हणून जो आकडा दाखवला त्यातला किती भाग खरा होता, हे आता सांगताच येत नाही. ही माहिती तेव्हा उघड होती, कुणी लपवलेली नव्हती. माझ्यापर्यंत आली नाही, कारण मी त्या दिशेला बघतच नव्हते.

संस्थेला सगळं सांगितलं, त्या कामाच्या मानधनातला काही भाग परत केला. त्यांनी समजून घेतलं. पण मनातून जात नाही. गळालेल्या देणगीदारांत काहीजण संस्था सुरू झाली तेव्हापासूनचे होते. त्यांना मी फक्त एका आकड्याच्या भरवशावर फोन करायचे थांबवले.

नोकरीत असताना चूक पकडणारं कुणीतरी असतं. वरिष्ठ असतात, शेजारच्या टेबलावरचा सहकारी असतो. सल्लागाराला कोण सांगणार? संस्था आपल्याला बोलावतात तेच मुळी त्यांना त्या विषयातलं कळत नाही म्हणून. आपलं ज्ञान शिळं झालंय हे ओळखायला त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असावं लागेल. आणि आपण स्वतः? जे आपल्याला माहीत नाही ते माहीत नाही हेसुद्धा ठाऊक नसतं.

दरम्यान पायाखालची जमीन सरकते आहे. माझं सगळ्यात पक्कं कौशल्य प्रस्ताव लिहिण्याचं. 2020 पासून मॅकेन्झी स्कॉट या अमेरिकी अब्जाधीश देणगीदार बाईंनी कितीतरी संस्थांना मोठ्या देणग्या दिल्या, आणि त्यातल्या बहुतेकांनी अर्ज केलेलाच नव्हता. देणगी कशावर खर्च करायची याचीही अट नव्हती. मग 2023 मध्ये त्यांच्या यील्ड गिव्हिंग या देणगी उपक्रमाने खुले अर्ज मागवले तेव्हा 6,353 अर्ज आले. मार्च 2024 मध्ये 361 संस्थांना मिळून 64 कोटी डॉलर जाहीर झाले. त्यात पहिल्या फेरीला अर्जदार संस्थांनीच एकमेकींचे अर्ज वाचून गुण दिले होते. मी आयुष्यभर अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. आपल्यासारखंच काम करणारी दुसरी संस्था वाचणार असेल तर ती भाषा चालत नाही. आपण काय करतो हे तिला सजवून सांगायची गरज नसते, आणि सजवलेलं तिला लगेच कळतं.

दुसऱ्या टोकाला, 1 जुलै 2025 पासून अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी मदतसंस्थेने परदेशी मदत देणं बंद केलं. जगभरात ज्या संस्था अशा एकाच मोठ्या स्रोतावर उभ्या होत्या त्यांना आता हजारो छोट्या देणगीदारांकडे वळायचं आहे. ते कसं करायचं हे त्या विचारतात, आणि छोट्या, नेमाने येणाऱ्या देणग्यांचा माझा अनुभव वर सांगितला तेवढाच आहे.

म्हणून विचारते. हातात वेळ थोडा, प्रशिक्षणाचा खर्च स्वतःच्या खिशातून, आणि शिकत बसलेल्या दिवसांचं मानधन बुडणार हे धरूनच चालायचं. अशा वेळी आधी काय शिकावं? सीएफआरईसारखं, म्हणजे निधी उभारणी करणाऱ्यांसाठीचं, व्यावसायिक प्रमाणपत्र घ्यावं का, की आकडेवारीचा एखादा नुसता अभ्यासक्रम करावा? आणि मुख्य म्हणजे, आपण कुठे मागे पडलोय हे तुम्ही स्वतंत्र सल्लागार कसं ओळखता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त हवं आहे.

*

ताळेबंद

ताई, तुमचा धागा दोनदा वाचला. माझं काम देणगीदारांच्या नोंदींचं. आधी नोकरीत, आता पाच-सहा संस्थांना सल्ला देतो.

अभ्यासक्रम नंतर बघा. आधी ज्या संस्थांना तुम्ही सल्ला दिला त्यातल्या एकीकडून देणग्यांची कच्ची यादी मागा. नावं नकोत, नुसता क्रमांक, तारीख आणि रक्कम. पाच वर्षांची. आणि स्वतः एक्सेलमध्ये बसा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. पहिला हिशेब एवढाच करायचा: गेल्या वर्षी ज्यांनी दिलं त्यातले यंदा किती जणांनी पुन्हा दिलं? समजा 400 जणांनी दिलं होतं आणि त्यातले 180 परत आले, तर टिकून राहण्याचं प्रमाण 45 टक्के. इथे लोक एक चूक हमखास करतात. यंदाचे नवे देणगीदार त्या 180 मध्ये मिसळतात आणि आकडा फुगतो. नवे वेगळे धरा.

मग तोच हिशेब पहिल्यांदा देणाऱ्यांचा वेगळा आणि दोन किंवा जास्त वर्षं देणाऱ्यांचा वेगळा करा. पहिल्या गटाचं प्रमाण दुसऱ्यापेक्षा खूप खाली दिसेल, जवळपास सगळीकडे दिसतं. ते बघितल्यावर पुढचा प्रश्न आपोआप पडतो, की पहिली देणगी आल्यानंतरच्या महिन्यात संस्था त्या माणसाशी काय बोलते? बहुतेक ठिकाणी पावती जाते आणि थेट पुढचं आवाहन. मधलं बोलणंच नाही. मला वाटतं छोट्या देणग्यांच्या कामाचा जीव त्या मधल्या महिन्यात आहे.

हे एकदा स्वतःच्या हाताने केलंत की कोणता आकडा कशाचा पुरावा आहे याची जाण येते. मेल उघडला जाणं हा देणगीचा पुरावा कधीच नव्हता, ॲपलने सोय आणली नसती तरीही. तुमची चूक ॲपलची बातमी हुकण्यात नव्हती असं मी म्हणेन. देणगीपासून लांबचा आकडा जवळचा मानला, तिथे होती. कडक बोललो असेन तर माफ करा, पण तुम्ही इतक्या प्रांजळपणे लिहिलंय म्हणून मनापासून सांगतोय.

*

उंबरठा

सीएफआरईबद्दल. मी केलं आहे, एकदा नूतनीकरणही झालं आहे, म्हणून लिहिते.

परीक्षेत 200 बहुपर्यायी प्रश्न असतात, वेळ चार तास. पण त्याआधी अर्जाला पात्र ठरावं लागतं: मागच्या पाच वर्षांत निधी उभारणीचं किमान 36 महिन्यांचं काम, प्रशिक्षणाचे 80 गुण आणि प्रत्यक्ष उभारलेल्या निधीचे किंवा पार पाडलेल्या प्रकल्पांचे 55 गुण. सल्लागारांनाही अर्ज करता येतो. दर तीन वर्षांनी नूतनीकरण.

प्रमाणपत्रामुळे मला नवं काम मिळालं का? फारसं नाही. छोट्या संस्थांना ही अक्षरं माहीतही नसतात. परीक्षेत नव्या तंत्राचंही फार काही नाही, ती पायाची परीक्षा आहे. पण अर्ज भरताना मागच्या पाच वर्षांत मी काय शिकले ते लिहून काढावं लागलं, आणि एकाच विषयाची प्रशिक्षणं पुन्हा पुन्हा केलेली दिसली. मोठे देणगीदार, मोठे देणगीदार, मोठे देणगीदार. आवडतं तेच शिकत होते. स्वयंसेवकांबरोबरच्या कामाचं एकही नाही. मागे कुठे पडलोय हे कसं ओळखायचं, या तुमच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर यात आहे. परीक्षा द्या किंवा देऊ नका, तो अर्ज कागदावर भरून बघा.

*

ओंजळ (धागाकर्ती)

ताळेबंद, माफी कसली. तुमचं वाक्य वहीत लिहून घेतलं. उंबरठा, तुमच्या यादीसारखीच माझी निघणार याची खात्री आहे.

एक जोडप्रश्न. पैशाची तंगी झाल्यापासून दोन संस्थांनी विचारलं की ठरलेलं मानधन देणं जमत नाही, आणाल त्या निधीच्या काही टक्के घ्या. मी नाही म्हटलं, पण त्यांना नीट समजावता आलं नाही. शिवाय मसुदे लिहायला एआय वापरा असाही आग्रह होतो. दोन्हींबद्दल तुम्ही काय करता?

*

उंबरठा

टक्केवारी नाहीच. या व्यवसायातली सर्वात जुनी रेघ म्हटली तरी चालेल. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स ही संघटना 1960 साली स्थापन झाली, तेव्हा नाव वेगळं होतं. 1964 मध्ये तिने आचारसंहिता स्वीकारली. उभारलेल्या रकमेच्या टक्क्यांत मोबदला घ्यायला आणि द्यायलाही त्या आचारसंहितेत मनाई आहे. संस्थेला मी असं समजावते: देणगीदार तुमच्या कामासाठी पैसे देतो, त्यातला ठरावीक वाटा माझ्या खिशात जाणार हे त्याला कळलं तर तो पुन्हा देईल का? आणि मला टक्के मिळणार असतील तर आज घाईने छोटी देणगी घेऊन मोकळं होण्यात माझा फायदा, दोन वर्षं नातं जपून मोठी मिळवण्यात नाही. म्हणजे तुमचं हित आणि माझं हित वेगळं झालं. मानधन कमी पडत असेल तर काम कमी करा, महिन्याचे दिवस कमी करा. टक्के नकोत.

*

ताळेबंद

एआयचं माझ्यापुरतं ठरलं आहे. आवाहनाचा कच्चा मसुदा, मथळ्याचे पर्याय, लांब अहवालाचा सारांश, यासाठी वापरतो. देणगीदाराचं नाव, रक्कम, भेटीची टिपणं यातलं काहीही त्यात टाकत नाही. ती माहिती त्या माणसाने संस्थेला विश्वासाने दिलेली असते, ती बाहेरच्या यंत्रात ओतायचा अधिकार मला नाही. युरोपात तर जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 25 मे 2018 पासून लागू आहे, आणि तिथल्या देणगीदारांची माहिती हाताळणाऱ्या बाहेरच्या संस्थांनाही तो लागू होऊ शकतो. करारात एक कलम घाला: कोणती माहिती कुठे वापरली जाणार ते.

अजून एक. एआयने लिहिलेल्या लाभार्थीच्या गोष्टी दोन वेळा माझ्या हाती आल्या. वाचायला उत्तम, आणि त्यातला एक प्रसंग घडलेलाच नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीखाली ती कुणी ऐकली आणि कधी ऐकली याची नोंद मागतो. नोंद नसेल तर गोष्ट जात नाही.

*

पायवाट

मी सल्लागार नाही, संस्थेत निधी उभारणी बघतो. सल्लागार नेमणाऱ्याच्या बाजूने लिहितोय.

आम्हाला शिळं ज्ञान ओळखता येत नाही हे खरं आहे. पण एक गोष्ट कळते: सल्लागार कधी "हे मला माहीत नाही, विचारून सांगते" म्हणतो का. आमच्याकडे येऊन गेलेल्या तिघांपैकी एकच जण असं म्हणायच्या, आणि त्यांनाच आम्ही परत बोलावलं. तुम्ही त्या संस्थेला चूक सांगितलीत, हिशेबवाल्या मुलीचा प्रश्न टाळला नाहीत. माझी सूचना अशी की असे प्रश्न अपघाताने यायची वाट बघू नका. कामाच्या शेवटी विश्वस्तांऐवजी रोज काम करणाऱ्यांसोबत तासभर बसा. फोन करणारे, पावत्या फाडणारे, नोंदी ठेवणारे. "मी सांगितलेल्यातलं काय चाललं नाही?" एवढंच विचारा. साहेब लोक खोलीत नसतील तर खरं सांगतात.

शक्य असेल तर एक दिवस स्वतः जुन्या देणगीदारांना फोनही करा. आम्ही केलेल्या फोनची टिपणं आणि माणसाचा आवाज ऐकणं यात फार फरक आहे.

*

ओंजळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचून त्या हिशेबवाल्या मुलीलाच फोन केला. ती आता दुसऱ्या संस्थेत आहे. पाच वर्षांची यादी कशी मांडायची ते दाखवायला तयार झाली. मी तिला त्या दिवसांचं मानधन देणार आहे, ती नको म्हणत होती.

सध्या असं ठरवलं आहे. पुढचे तीन महिने कोणताही अभ्यासक्रम नाही. एका संस्थेची यादी ताळेबंद यांनी सांगितल्याप्रमाणे स्वतः मांडणार. सीएफआरईचा अर्ज कागदावर भरून कोणते रकाने रिकामे राहतात ते बघणार आणि प्रशिक्षणाचा खर्च फक्त त्या रकान्यांवर करणार. परीक्षेचं त्यानंतर. गळालेल्या जुन्या देणगीदारांना संस्थेच्या परवानगीने मी स्वतः फोन करणार आहे. पैसे मागायला नाही, इतके दिवस कुणी बोललं नाही याबद्दल क्षमा मागायला.

एक गोष्ट अजून राहिली, त्यासाठी धागा उघडा ठेवते. माझे आराखडे संस्थेला देण्याआधी वाचून त्यातल्या चुका दाखवणारं कुणीतरी हवं आहे, आणि बदल्यात मी त्यांचे वाचेन. संस्थेची आणि देणगीदारांची नावं काढून. महिन्याला एक, जास्त नाही. माझ्यापेक्षा वेगळं काम करणारं कुणी असेल तर उत्तम, म्हणजे नोंदी, छोट्या देणग्या, स्वयंसेवक यातलं. ज्यांना जमेल त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा. पहिला आराखडा तयार आहे.