विद्यापीठाजवळ खोली: थेट मालकाकडून घ्यावी की एजंटमार्फत?

सागरमाळ_तिघे:
आम्ही तिघं. दोघांचं ॲडमिशन कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, एकाचं कसबा बावड्यात इंजिनिअरिंगला. राजारामपुरीत एक एजंट वन बीएचके दाखवतोय: भाडं 9,000, डिपॉझिट 30,000, शिवाय एक महिन्याचं भाडं दलाली. करार ‘नोटरी करून देतो’ म्हणतो. उचगावात थेट मालकाकडून 7,000 ला मिळतंय, पण मालकांचं म्हणणं, ‘करार कशाला, पोरं चांगल्या घरची दिसताय.’ कुठलं घ्यावं?

करवीरकर:
दलालीचं नंतर बघू. आधी विचारा, करारावर सही कोण करणार आणि डिपॉझिट कुणाच्या खात्यात जाणार. दोन्हीचं उत्तर ‘मालक’ असेल तर मध्ये एजंट असला काय, नसला काय, एका महिन्याच्या भाड्याचाच फरक.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा, खोल्यांसाठी नेहमी करतात तो) लेखी आणि नोंदणीकृत लागतो, 11 महिन्यांचा असला तरी. नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. उचगावच्या मालकांना हे नीट समजावून सांगा. नोंदणीत त्यांचाच जास्त फायदा आहे, मुदत संपल्यावर जागा परत मिळणं सोपं जातं.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. तुमच्या आकड्यांवर: 11 महिन्यांचं भाडं 99,000, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 2,750, बेरीज 1,01,750. त्याच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000, ग्रामपंचायत हद्दीत 500. ऑनलाइन नोंदणी करून देणारे लोक घरी येऊन अंगठे घेतात, त्यांची मजुरी वेगळी. मालक, तिघं भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची आधार कार्डं तयार ठेवा. आधारला ठसा जुळला नाही की काम अडतं. वयस्कर मालकांच्या बाबतीत हे हमखास होतं, त्यामुळे एक दिवस हाताशी ठेवा.

आता एजंटांतला धोकादायक प्रकार. काही जण आख्खा बंगला मालकाकडून घेतात आणि पुढं कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक खाट भाड्यानं, पोरांना देतात. त्याला एजंट म्हणायचं का, हाच प्रश्न आहे. त्याचा मालकाशी असलेला करार संपला की तुम्ही रस्त्यावर, आणि मालक म्हणणार, ‘मी तुम्हाला ओळखत नाही.’ पोटभाड्याला मालकाची लेखी परवानगी दाखवली तरच पुढं बोला.

मालक खरा आहे का, हे घरफाळ्याच्या पावतीवरून किंवा लाइट बिलावरून कळतं. त्यावरचं नाव आणि सही करणाऱ्याचं नाव जुळलं पाहिजे. मालक परगावी असेल आणि दुसरंच कुणी सही करणार असेल तर मुखत्यारपत्र मागा.

मीटर_बघा_आधी:
सबमीटर (तुमच्या खोलीचा वापर वेगळा मोजणारं मीटर) आहे का, ते दोन्हीकडे विचारा. खाली मालक, वर दोन खोल्या आणि महावितरणचं मीटर एकच, असं असलं की गणित बिघडतं. घरगुती दराचा पहिला टप्पा 100 युनिटपर्यंत. त्याच्यावरच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट. तीन कुटुंबांनी 80-80 युनिट जाळली तर स्वतंत्र मीटरवर तिघंही खालच्या टप्प्यात राहतात. एका मीटरवर तीच 240 होतात आणि त्यातली 140 महागात पडतात. म्हणून मालक युनिटला सरसकट चढा दर लावतात. त्यापेक्षा महिन्याचं बिल दाखवून युनिटप्रमाणे वाटणी, असं करारातच लिहून घ्या.

स्वतंत्र मीटर असेल तर 12 आकडी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या ॲपवर थकबाकी बघा. ताबा घ्यायच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा.

पाणी_कधी_येतं:
उचगाव महापालिका हद्दीबाहेर आहे, तिथं शहराचं पाणी गृहीत धरू नका. मोरेवाडी, पाचगावचंही तेच. टाकी किती लिटरची, ती कितीजणांत, मोटर कोण चालू करणार आणि एप्रिल-मेमध्ये टँकर लागला तर पैसे कुणाचे? 2,000 ची बचत इथंच संपू शकते.

बावड्याच्या मित्राला जवळ पडावं म्हणून शहराच्या सखल भागात तळमजला घेणार असाल तर 2019 आणि 2021 च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, मालकाला नको. सुतारवाडा, दुधाळी, बापट कॅम्प, शाहूपुरी कुंभार गल्ली इथं तर नक्कीच. राजारामपुरी-सागरमाळ उंचावर आहे.

दलालीचा_हिशोब:
एजंटला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. फ्लॅटचा मालक पुण्यात किंवा परदेशात असेल तर चावी एजंटकडेच असते, आणि नळ गळला तर प्लंबर तोच पाठवतो. तिथं दलाली वसूल होते. मालक खालच्या मजल्यावर राहतो अशा एका खोलीसाठी मात्र एजंट कशाला? सायबर चौक, प्रतिभानगर, राजारामपुरीच्या गल्ल्या संध्याकाळी पायी फिरा, ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या गेटवरच दिसतात.

दलाली देणार असाल तर करार नोंदवून चावी हातात आल्यावरच द्या, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाला पुन्हा अर्धी दलाली नाही हे आत्ताच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. महारेराचा (राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाचा) धाक दाखवून उपयोग नाही, तिथली एजंट नोंदणी विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे. खोली न बघता टोकन मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे परत येतील’ म्हणाला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

करारात तीन ओळी शोधा: लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही तो) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, आणि सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का. डिपॉझिट सगळ्यात जास्त कापलं जातं ते रंगातच. ‘वापराने होणारी झीज वगळून’ असं लिहून घ्या किंवा रंगाचा आकडा आत्ताच ठरवा. उन्हाळ्याच्या सुट्टीचं भाडंही आधीच बोलून घ्या. डिपॉझिट रोखीनं दिलंत तर पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प हवा.

सागरमाळ_तिघे:
उचगावचे मालक नोंदणीला तयार झाले, फी आम्ही भरायची. टाकी 1,000 लिटरची, दोन कुटुंबांत. एक अडचण: बावड्याचा मित्र अजून 17 वर्षांचा आहे. त्याचं नाव करारात घालायचं का?

करवीरकर:
18 पूर्ण नसताना केलेला करार कायद्यानं टिकत नाही. भाडेकरू म्हणून त्याच्या वडिलांचं किंवा आईचं नाव आणि सही, आणि राहणाऱ्यांत त्याचं नाव वेगळं लिहा. अंगठा पालकाचा लागेल, तेव्हा ते गावाहून येतील त्याच दिवशी नोंदणी ठेवा. आणि 1,000 लिटर दोन घरांना कमी आहे. टँकरचं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचं काम मालकाचं, ती दिल्याची पोच मागून ठेवा.