कोथरूडचं रो हाउस विकायचंय, किंमत कशी लावावी?

नमस्कार मंडळी,
कोथरूडमधलं तीन मजली रो हाउस विकायला काढतो आहोत. आनंदनगर मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटांवर. नूतनीकरणाला 32 लाख लागले: नवं वायरिंग, नळजोडणी, मॉड्युलर किचन, वॉटरप्रूफिंग आणि गच्चीवर एक बंदिस्त खोली. एजंट म्हणतो, आजूबाजूचा भाव अधिक 32 लाख लावा. बावधनच्या नव्या घरांशी तुलना करायची का?
– मी. क., रेडिंग (इंग्लंड)

---

ताई,
32 लाख किमतीत तसेच्या तसे धरू नका. तुमची स्पर्धा शेजारच्या रो हाउसशी नाहीच, तेवढ्याच पैशांत येणाऱ्या थ्री बीएचकेशी आहे. तिथे लिफ्ट, दोन गाड्यांची जागा, दारावर वॉचमन. तुमच्याकडे स्वतःची गच्ची आणि डोक्यावर कुणी नाही. पण गिऱ्हाईक आईवडिलांना घेऊन येतं आणि आधी जिना बघतं. तळमजल्यावर बेडरूम आणि त्याला लागून टॉयलेट असेल तर जाहिरातीत पहिल्या ओळीत टाका, किचन मागाहून. दुसरी गाडी कुठे लागते, हेही लिहा.

मेट्रोवरून फार उड्या मारू नका. जादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) देणारं मेट्रोलगतचं टीओडी क्षेत्र स्टेशनपासून 500 मीटरपर्यंत, आणि दहा मिनिटं म्हणजे तुम्ही बहुधा त्याबाहेर. शिवाय तो फायदा जमिनीला. सुटा बंगला असता तर बिल्डरने गुंठ्यांचा भाव केला असता आणि किचन जेसीबीखाली गेलं असतं. सामाईक भिंतीचं घर एकट्याला पाडता येत नाही, म्हणून तुमचं गिऱ्हाईक राहणारं कुटुंबच. नूतनीकरणाची किंमत तेच करतं, पण पूर्ण नाही. घर लवकर खपतं, एवढा फायदा नक्की.

बावधन सोडा. तिथलं गिऱ्हाईक हिंजवडीला जाणारं. चांदणी चौकातून महामार्ग जवळ, इमारत नवी. पाणी मनपाचं की टँकरचं, हा तिथला पहिला प्रश्न. कोथरूडला येणाऱ्याला शाळा, दवाखाने आणि पेठेतलं माहेर जवळ हवं असतं.

खरे भाव आयजीआरच्या (सरकारी नोंदणी खात्याच्या) ई-सर्चवर इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या गोषवाऱ्यात बघा, आपल्याच सोसायटीतले, गेल्या दोन वर्षांतले. पोर्टलवर दिसते ती नुसती मागितलेली किंमत.

आता बँक. बंदिस्त खोली मंजूर नकाशात नसेल तर बँकेचा व्हॅल्युअर (घराचं मूल्य ठरवणारा) ती धरणार नाही. समजा 2 कोटींना ठरलं आणि व्हॅल्युएशन 1.8 कोटी आलं. 75 लाखांवरच्या कर्जाला मर्यादा 75 टक्के, तीही कमी आकड्यावर, म्हणजे 1.35 कोटी. खरेदीदाराने खिशातून 65 लाख घालायचे, वर 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 14 लाख आणि नोंदणीचे 30,000. (खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर शुल्क 1 टक्का कमी.) टोकन घेऊन सौदे मोडतात ते अशा फरकापायी.

ओल मात्र आधी तपासा. तुमचा कोबा नवा असला तरी शेजारच्या गच्चीचं पाणी दोन घरांच्या पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) जोडातून उतरतं आणि जिन्याच्या भिंतीला पोपडे धरतात. तो जोड दोन्ही बाजूंनी बंद केलेला हवा; नुसत्या रंगाने ऑगस्टपर्यंतही झाकलं जात नाही.
– अ. दे., लेस्टर

---

ताई, कराचं मी सांगतो.

घर 24 महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर 12.5 टक्के, शिवाय सरचार्ज आणि सेस. इंडेक्सेशनचा (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याचा) पर्याय निवासी भारतीयांपुरताच, आपल्यासारख्या अनिवासींना नाही. कमी टीडीएसचं (पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराचं) प्रमाणपत्र आणलं नाहीत तर खरेदीदार नफ्यावर न कापता पूर्ण रकमेवर कापेल: 2 कोटींवर सरचार्ज आणि सेस धरून 14.95 टक्के, म्हणजे 29.9 लाख. परतावा मिळेल, पण रिटर्न भरल्यावर. प्रमाणपत्राचा अर्ज साठेखताच्या (विक्रीच्या कराराच्या) आधीच करा.

वायरिंग, नळजोडणी, बसवलेलं किचन यांची बिलं बँकेतून दिलेली असतील तर खर्च नफ्यातून वजा मागता येतो. रंगकाम आणि सोफा नाही.

रेडी रेकनरचं (सरकारने ठरवलेल्या दराचं) मूल्य करारातल्या किमतीच्या 110 टक्क्यांवर गेलं तर नफा रेकनरवरून मोजतात. त्यामुळे "थोडे रोख द्या, करार कमीचा करू" म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. रोख एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यात) दाखवता येत नाही आणि बाहेर नेता येत नाही. खात्यातून नेण्याची मर्यादा वर्षाला 10 लाख डॉलर.

मुखत्यारपत्र इथे इंग्लंडमध्ये केलंत तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा.
– श्री. ज., हॅरो

---

दोघांचे आभार. मग वरची खोली पाडू का?
– मी. क.

---

एवढ्यात नको. एफएसआय शिल्लक असेल तर आर्किटेक्ट सुधारित नकाशा मंजूर करून घेऊ शकतो. जादा बांधकाम नियमित करण्याचं तडजोड शुल्क पडेल. होत नसेल तर जाहिरातीत तिला चौथी बेडरूम म्हणू नका, "गच्चीवर शेड" म्हणा. मालमत्ता कराची पावतीही काढून ठेवा. घर भाड्याने होतं तर मालक स्वतः राहतो म्हणून मिळणाऱ्या 40 टक्के सवलतीची वसुली निघालीय का, ते गिऱ्हाइकाच्या वकिलाआधी तुम्हाला कळलेलं बरं. आणि पितृपक्षात टोकनची वाट बघत बसू नका.
– अ. दे.