मदत हवी आहे: आबांना हायलँड गेम्स दाखवायचे आहेत, ब्रेमार की बॅलाटर?

नमस्कार मंडळी,

मी सहा वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये एबरडीनला आहे. येत्या ऑगस्टमध्ये आई-आबा पहिल्यांदाच इकडे येतायत, सहा आठवड्यांसाठी. एडिंबरोचा किल्ला, लॉख नेस यातलं आबांना काही नकोय. मागे मी त्यांना हायलँड गेम्समधला, म्हणजे इथल्या गावोगावच्या पारंपरिक खेळांच्या मेळ्यातला, केबर (लांब ओंडका) फेकण्याचा एक व्हिडिओ पाठवला होता. तेव्हापासून दर फोनला एकच, "ते खांब उचलणारे गडी मला समोर बसून बघायचेत."

आबा ७१ वर्षांचे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या तालमीत वाढले. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की या गावाहून त्या गावाला कुस्त्या मारत जायचे. कधी इनाम मिळायचं, कधी नुसता नारळ. जत्रेत गोटा उचलायची पैज लागली तर तीही सोडायचे नाहीत. त्यामुळे हा खेळ त्यांना नुसती गंमत म्हणून बघायचा नाही. वजन किती, पकड कशी, पाय कुठे रोवतात, हे सगळं त्यांना कळून घ्यायचंय. व्हिडिओ बघून त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "लांब कुणी टाकला ते मोजत का न्हाईत?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर वाचून समजलं की केबरमध्ये अंतर मोजतच नाहीत. साधारण सहा मीटरचा तासलेला ओंडका, निमुळतं टोक ओंजळीत आणि जाड टोक आभाळाकडे. धावत जाऊन तो असा उडवायचा की जाड टोक जमिनीवर आपटलं पाहिजे, तिथून ओंडका पालटला पाहिजे आणि फेकणाऱ्याच्या नाकासमोर सरळ रेषेत पडला पाहिजे. घड्याळात बारा वाजल्यासारखा पडला तर उत्तम, साडेअकरा किंवा एक वाजल्यासारखा पडला तर कमी. पंच फेकणाऱ्याच्या मागे पळत जाऊन ही दिशा बघतो. हे फोनवर सांगितलं तेव्हा आबा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ताकद नव्हं, तोल."

आता अडचण सांगते. गेल्या वर्षी मी मैत्रिणींबरोबर एका ठिकाणचे खेळ बघायला गेले होते (नाव लिहीत नाही). आम्ही दुपारी बाराला पोचलो. गाडी लांबच्या शेतात लावावी लागली, चिखलातून बरंच चालावं लागलं आणि पुढे चार-पाच रांगा माणसं. पाइप बँड छान ऐकू आला, पण वजनी खेळ मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चालले होते. तीन तासांत मला ओंडक्याचं फक्त वरचं टोक दिसलं. आबांच्या बाबतीत असं व्हायला नको. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलाय, वीस मिनिटांच्या वर उभं राहवत नाही.

सगळे ब्रेमार गावचे खेळच सुचवतात. सप्टेंबरचा पहिला शनिवार, राजघराणं हजर, व्हिक्टोरिया राणी १८४८ मध्ये ते खेळ बघायला गेली तेव्हापासूनची ओढ. पण घोळ शनिवारचा आहे. आबांचा शनिवार असतो, मारुतीचा. तालमीतला नेम आहे, पन्नास वर्षांत मोडलेला नाही. दिवसभर उपास करून थंडी-पावसात त्यांना बसवायचं माझ्या जिवावर येतं. ब्रेमार सोडून बाकीचे पाहिले तर तेही बहुतेक शनिवारीच: अबॉइन ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, स्ट्रॅथडॉनचं लोनाक चौथ्या शनिवारी. गुरुवारचं एक सापडलं, बॅलाटर, ऑगस्टचा दुसरा गुरुवार.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. बॅलाटरला गेलो तर आबांचं ब्रेमारमधलं काही मोठं हुकेल का? वजनी खेळांच्या जवळ बसायचं तर कुठे आणि किती वाजता पोचायचं? आणि तिथे कुस्ती असते का? एकमेकांच्या पाठीमागे हात गुंफून धरायची बॅकहोल्ड नावाची कुस्ती स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी होते म्हणतात. ती बघायला मिळाली तर आबांना दुसरं काही नको.

एक शेवटचं. आबांना फेटा बांधून यायचंय. कुणाला खटकणार तर नाही ना?

प्रतिसाद १

ताई, बॅलाटरलाच न्या. मी डीसाइडला, म्हणजे डी नदीकाठच्या याच भागात, अकरा वर्षं राहतोय, दोन्हीकडे बऱ्याचदा गेलोय. ब्रेमारला छताखालची जागा हवी तर तिकीट फार आधी काढावं लागतं, आणि राजघराणं आलं की निम्मी गर्दी पाठ फिरवून त्यांच्याकडेच बघत असते. फेकणारे गडी मात्र उन्हाळाभर या गावाहून त्या गावाला बक्षिसाच्या पैशासाठी फिरतात, तुमच्या आबांच्या जत्रांसारखेच. तेव्हा बॅलाटरला दिसणारा गडी ब्रेमारलाही दिसू शकतो.

दार उघडायच्या वेळीच पोचा. नाच, पाइप, धावणं आणि वजनं हे सगळं एकाच मैदानात एकाच वेळी चालतं, म्हणून बाजू निवडणं महत्त्वाचं. आत गेल्यावर आधी केबर कुठे पडलेत ते शोधा. ओंडके सकाळपासून गवतात ठेवलेले असतात. त्याच बाजूला दोराच्या कडेला बसा. मी घडीची खुर्ची आणि ताडपत्री घेऊन जातो, कुणी अडवलेलं नाही.

आबांना हातोडाफेकीकडे नीट बघायला सांगा. ऑलिंपिकमध्ये गोल फिरतात, इथे पाय हलवायचे नाहीत. बुटाच्या पुढे लोखंडी पाती असतात, ती मातीत रोवून दहा किलोचा हातोडा डोक्याभोवती गरगरवतात. पैलवान माणसाला कंबर कुठे काम करते ते लगेच दिसेल. ५६ पौंडांचं, म्हणजे पंचवीस किलोंचं वजन एका हाताने डोक्यावरून मागे, आडव्या दांडीपलीकडे टाकतात, तेही चुकवू नका.

फेट्याचं मनावर घेऊ नका. १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या लोकांना त्यांचाच पोशाख घालायची बंदी झाली होती, ती १७८२ मध्ये उठली. आपल्या वेषाची किंमत त्या मैदानात सगळ्यांना कळते. आईंना शॉन ट्रूस नाच दाखवा. नकोशी विजार पाय झटकून काढून टाकल्यासारखी त्याची पावलं आहेत, आणि तो त्या बंदीशीच जोडतात.

प्रतिसाद २

कुस्तीबद्दल. बॅकहोल्डमध्ये दोघे एकमेकांच्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकवतात आणि पाठीमागे हात गुंफतात. पकड सुटली तर हरला, पायाच्या तळव्याशिवाय काहीही जमिनीला लागलं तर हरला. चीतपट वगैरे नाही. सगळ्या ठिकाणी नसते, म्हणून त्या वर्षीची खेळांची यादी बघूनच ठरवा.

आणि एबरडीनहून बॅलाटरला जाताना पोटार्कच्या पुलाजवळ थांबाच. तिथे डिनी स्टोन्स आहेत, लोखंडी कड्या असलेले दोन दगड, मिळून ३३२ किलो. १८६० मध्ये डोनाल्ड डिनी या नामी ताकदवान गड्याने ते दोन्ही हातांत घेऊन पूल ओलांडला असं सांगतात. त्याचा बाप गवंडी होता आणि त्यातला मोठा दगड त्यानेही उचलला होता म्हणतात. उचलायचे तर आधी ठरवून जावं लागतं, पण नुसतं बघायला काय हरकत?

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. दुसरा गुरुवार पक्का केला, रजाही टाकली. आत्ताच आबांशी बोलले. पोटार्कच्या दगडांचं सांगितल्यावर त्यांनी आधी कड्यांची जाडी विचारली, मग दोन्ही दगड सारख्या वजनाचे आहेत का ते. नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मग जड कुठल्या हातात धरला त्यानं?"

हे मला कुठे सापडलं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, ते रोज विचारणार आहेत.