आजार सांभाळून वजन कमी केलंय? काय जमलं, काय अंगाशी आलं ते इथे लिहा

नमस्कार मंडळी. वय ४९, राहणार सांगली, टाइप २ डायबेटिस गेली ९ वर्षं. वजन ८४ वरून ७३ वर आलंय आणि त्याला चौदा महिने लागले. धागा काढायचं कारण असं की वजन कमी करण्याबद्दल जिकडे तिकडे लिहिलेलं असतं पण ते सगळं धडधाकट माणसांसाठी, सकाळी उठून पळा, रात्री जेवू नका वगैरे. ज्याच्या घरात सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आहे त्याने काय करायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून शुगर, थायरॉईड, बीपी, गुडघे, संधिवात, जे काही असेल ते सांभाळत ज्यांनी वजन उतरवलंय (किंवा उतरवता आलं नाही) त्यांनी लिहा. डाएट कोणतं केलं ते नाही लिहिलं तरी चालेल, पण त्या काळात औषधांचं काय केलंत ते नक्की लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या होत्या. श्रावण लागला तेव्हा ठरवलं की आता संध्याकाळचं खाणं बंद आणि रात्री फक्त मुगाचं कढण. डॉक्टरांना विचारलं नाही, वाटलं चांगलंच तर करतोय, त्यात विचारायचं काय. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास मी मुलांसाठी भाकरी थापत होते, ती उचलून तव्यावर टाकायला गेले आणि हात असा थरथरायला लागला की भाकरी अर्धी तव्यावर, अर्धी ओट्यावर. मानेवरून घामाची धार, आणि नवरा काय विचारतोय ते ऐकू येतंय पण उत्तर सुचत नाही. त्यांनी मशीनवर बघितलं तर ५४. सत्तरच्या खाली गेली की शुगर लो झाली म्हणतात. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, १५ मिनिटांनी परत बघितलं तर ८१, मग दूध-भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले नाहीत, कागदावर चित्र काढून समजावलं. मेटफॉर्मिन एकटी असेल तर सहसा शुगर एवढी खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. म्हणजे खाणं कमी करणार असाल तर आधी त्या गोळीचा विचार करायला पाहिजे. त्यांनी गोळी २ मिलिग्रॅमची १ केली, पुढे वजन उतरलं तशी ती बंदच झाली. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.६ होतं ते ६.७ आलं. खाण्यात मोठं असं काही केलं नाही, आधी वाटीभर कोशिंबीर आणि उसळ, मग एक ज्वारीची भाकरी, भात रविवारी. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर दोन तासांनी २४० आली तेव्हा उपवास सोडले. सासूबाईंना सांगायची भीती वाटत होती, त्या एवढंच म्हणाल्या, देवाला तुझी तब्येत कळते.

आता तुम्ही लिहा.

*

ताई चांगला धागा. मी डोंबिवली, ३४, हायपोथायरॉईड. मला सकाळची ६.५० ची लोकल पकडायची असते त्यामुळे वर्षानुवर्षं थायरॉईडची गोळी, चहा, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून दिलेली लोहाची गोळी, हे सगळं पाच मिनिटांत एकदम व्हायचं. टीएसएच (रक्ताची तपासणी, थायरॉईड कमी पडला की हा आकडा वाढतो) कधी ९, कधी ११. डोस वाढत गेला आणि वजनही. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं की गोळी नेमकी कशी घेता ते सांगा, आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. गोळी साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही, आणि लोह किंवा कॅल्शियम असेल तर चार तासांनी. आता गोळी उशाशी ठेवते आणि पावणेपाचचा गजर झाला की घेऊन परत पडते. दोन महिन्यांनी टीएसएच ३.२.

मला वाटलं आता वजन आपोआप उतरणार. ३ किलो उतरलं आणि थांबलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की थायरॉईडमुळे वाढलेलं वजन बहुतेकांचं दोन ते पाच किलोच असतं आणि त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा, पण ऐकायची मनाची तयारी नव्हती, कारण इतकी वर्षं सगळे म्हणत होते थायरॉईड आहे ना मग वजन कमी होणारच नाही आणि मी ते धरून बसले होते. बाकीच्या वजनाला आठवड्यातून चार वेळा स्टेशनबाहेरचा वडापाव आणि पाच तासांची झोप होती. ते मान्य केलं त्या दिवशी लोकलमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. मग डबा दोन पुडांचा केला, एकात नुसती उसळ आणि काकडी, आणि रिक्षा सोडून स्टेशनपासून चालत. ७८ चे ६७ झाले दीड वर्षात.

आणि ताईंनी औषधांचं विचारलंय म्हणून हे मुद्दाम लिहिते. वजन उतरल्यावर छातीत धडधड, हात गरम, झोप नाही. टीएसएच ०.२. म्हणजे जुना डोस आता मला जास्त होत होता, कारण ह्या गोळीचा डोस वजनाशी बांधलेला असतो. कमी केल्यावर महिन्याभरात धडधड गेली.

*

मी अकोल्याचा, वय ६४, एसटीत कंडक्टर होतो. तीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून दोन्ही गुडघे झिजले, शिवाय बीपीच्या दोन गोळ्या. वजन ९१. जो तो म्हणे काका चालत जा. चालायचो, आणि संध्याकाळी गुडघा असा सुजायचा की पँट वर सरकत नव्हती, मग चार दिवस घरात. त्या चार दिवसांत चालून कमावलेलं सगळं परत.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी चालणं थांबवलं आणि खुर्चीत बसवलं. पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. मांडीत जोर आला की गुडघ्याचा भार मांडी उचलते म्हणाल्या. दोन महिने फक्त हेच. त्यांनी एक हिशेब सांगितला तो माझ्या डोक्यातून जात नाही. शरीराचं एक किलो उतरलं की पाऊल टाकताना गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. मी ९ किलो उतरवलं म्हणजे पावलागणिक ३६ किलो. तीस वर्षं लोकांच्या सामानाचं वजन बघितलं आहे, ३६ किलो म्हणजे काय ते मला माहीत आहे.

आता पहाटे पाचला चालतो, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ ला जातो, आठनंतर बाहेर पडायची सोय नाही. बीपीचं सांगतो. लोणचं-पापड सोडलं, वजन उतरलं, आणि एक दिवस खाटेवरून उठलो तर डोळ्यांपुढे अंधार आणि भिंतीला धरून उभा. वरचं बीपी १०२. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. मी मनाने बंद केली नाही हे सांगून ठेवतो, शेजारच्याने केली होती, त्याचं बीपी दोन आठवड्यांत १८० गेलं.

*

म्हापसा, गोवा. मला रूमेटॉइड संधिवात आहे, वय ४१. माझं थोडं वेगळं आहे म्हणून लिहू की नको असं वाटत होतं. सांधे आखडले की प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू होतं आणि ते चालू झालं की भूक अशी लागते की जेवून तासाभरात पोटात खड्डा, रात्री तीनला उठून फ्रिज उघडायचा, गाल फुगून चेहरा गोल. लोक म्हणतात तोंडावर ताबा ठेव. ही भूक औषधाची असते हो, मनाची नसते. आणि स्टिरॉइड मनाने एकदम बंद करता येत नाही, शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (तसंच काम करणारं हार्मोन) बनवायचं कमी झालेलं असतं, हळूहळूच उतरवावं लागतं.

आमच्या डॉक्टरांनी त्या वर्षी सांगितलं की वजन कमी करायचं नाही, फक्त वाढू द्यायचं नाही. रात्री तीनसाठी मी उकड्या तांदळाची पातळ पेज आणि उकडलेली अंडी ठेवायला लागले, कारण खायचंच आहे तर फरसाण कशाला. वर्षभरात अर्धा किलो वाढलं. डोस १० वरून ५ आणि मग बंद झाला तेव्हा पुढच्या आठ महिन्यांत ६ किलो आपसूक गेलं. कुणी सध्या स्टिरॉइडवर असेल तर स्वतःला दोष देऊ नका एवढंच सांगायचंय.

*

पीसीओडी, वय २४, पुणे. फार लिहीत नाही. ७६ होते, सगळे म्हणायचे ५५ व्हायला पाहिजेस, ते ऐकूनच हात-पाय गळायचे. गायनॅक म्हणाल्या आधी पाच टक्के बघू, म्हणजे ४ किलोपण नाही. ७१ वर आले आणि तीन-तीन महिने न येणारी पाळी ३४ दिवसांनी आली, परत ३३ दिवसांनी. अजून ७० च आहे. चालेल मला.

*

नाशिक, ३१. इथे सगळे वजन उतरलं म्हणून लिहितायत, माझं उलटं आहे पण ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दोन वर्षांपूर्वी मी वजन कमी करायला लागलो, रोज ग्राउंडवर पाच राउंड आणि रात्रीची पोळी बंद. वजन उतरायला लागलं आणि इतकं छान उतरायला लागलं, ७९ वरून दोन महिन्यांत ६६. ऑफिसात टाळ्या वाजवल्या लोकांनी, दोघांनी माझं डाएट लिहून घेतलं. तहान लागायची, बाटल्याच्या बाटल्या पाणी, रात्री चार-चारदा उठणं, पण मी म्हटलं व्यायाम करतोय, पाणी जास्त पितोय, होणारच. मग एके दिवशी राउंड मारताना पायच उचलेनात आणि उलट्या. शुगर ४१२, लघवीत कीटोन (चरबी जळून तयार होतात ते), तीन दिवस आयसीयू. तपासण्यांमध्ये टाइप १ निघाला. तो लहान मुलांनाच होतो असं मला वाटायचं, मोठ्या वयातही होतो.

ते वजन मी उतरवलेलं नव्हतंच, शरीराला इन्सुलिन मिळत नव्हतं म्हणून ते आतली चरबी आणि स्नायू जाळत होतं. इन्सुलिन चालू झाल्यावर वजन परत यायला लागलं तर आईने ७० किलोला पेढे वाटले. इन्सुलिनने वजन वाढतं हे खरं आहे, आणि त्या भीतीने डोस गाळणारी मुलंमुली मला ओपीडीच्या रांगेत भेटली आहेत, त्यांना हात जोडून सांगतो नका करू, त्या रस्त्याच्या टोकाला आयसीयू आहे. ठरवलेल्यापेक्षा भराभर वजन उतरत असेल आणि तहान लागत असेल तर त्याच दिवशी शुगर तपासा.

*

नाशिकच्या दादांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी न्यू जर्सीत, बाबा सोलापूरला. त्यांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठतं, त्यामुळे आमच्याकडे वजनकाटा हे औषधाच्या डबीइतकंच महत्त्वाचं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच लुंगीवर वजन करायचं आणि कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायचं, मग ते कॅलेंडर फोनसमोर धरतात, माझी इथे रात्र असते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी, जेवण नाही. मार्चमध्ये ७४ चे ७६.२ झाले आणि बाबा म्हणत होते काल लग्नात जेवलो त्याचं असेल, मी म्हटलं पाय दाखवा, तर चपलेच्या पट्ट्याचा वळ घोट्याखाली खोल रुतलेला दिसला. त्याच दिवशी डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली आणि आठवड्यात वजन परत ७४. आत्या म्हणाली अरे वा बारीक झालास. बाबांचं चरबीचं म्हणावं असं वजन वर्षात ३ किलोच गेलंय, मीठ कमी आणि हॉलमधल्या हॉलमध्ये दहा-दहा मिनिटं चालून.

*

पुणे, बँकेत नोकरी, ५२. माझं वजन ६७ च होतं, त्यामुळे डायबेटिस निघाला तेव्हा विश्वास बसेना. डॉक्टरांनी पोटाला टेप लावली, ९६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या पुढे आणि बायकांना ८० च्या पुढे धोका धरतात, बीएमआयसुद्धा (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या वर गेला की जास्त. मग त्यांनी एक फोटो दाखवला, पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी, २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला. दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हात-पाय बारीक आणि चरबी पोटात, आपल्यापैकी कितीतरी जणांची हीच ठेवण. म्हणून मी काट्यापेक्षा टेप बघतो. वजन ५ किलोच उतरलं पण कंबर ८८ आली आणि शुगर एका गोळीवर आहे.

*

सांगलीच्या ताई, एक प्रश्न. माझ्या आईलाही ग्लिमेपिराइड आहे आणि ती आता संध्याकाळी चालायला जाणार म्हणते. बरोबर काय द्यायचं? चॉकलेट चालेल?

*

चॉकलेट नको गं, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. मेडिकलमध्ये ग्लुकोज पावडर मिळते, ती तीन चमचे मोजून कागदाच्या पुडीत बांध, अशा दोन पुड्या आणि पाण्याची छोटी बाटली. पर्समध्ये नको, पर्स घरी राहते. मी ब्लाउजच्या आत रुमालात ठेवते. आईच्या चालण्याच्या वाटेवर ओळखीचं एखादं दुकान असेल तर त्यांना सांगून ठेव. आणि निघताना शुगर शंभरच्या खाली असेल तर आधी थोडं खाऊन मग जाऊ दे. पण चालायला लागायच्या आधी डॉक्टरांना फोन कर, आजच कर.