एकट्या पुरुषाने बिथरलेलं पोरगं दत्तक घ्यावं का?

मुलुंडचा_मावसभाऊ:
माझा मावसभाऊ, सगळे अण्णाच म्हणतात. वय ४६, लग्न केलं नाही. रेल्वेत माटुंगा वर्कशॉपला आहे, राहायला करी रोडला चाळीत. मावशी गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही, रात्रभर टीव्ही चालू ठेवून झोपतो असं शेजारचे सांगतात. आता याने डोक्यात घेतलंय मूल दत्तक घ्यायचं आणि तेही बाळ नाही, नऊ वर्षांचा मुलगा, ज्याला एका जोडप्याने घरी नेऊन काही महिन्यांत संस्थेत परत आणून सोडलं. चोरतो, धडधडीत खोटं बोलतो, एकदा पळून दादर स्टेशनला सापडला होता.

माझं मत स्पष्ट आहे. आपला एकटेपणा घालवायला पोर आणू नये. दुसऱ्यांदा परत पाठवायची वेळ आली तर तो मुलगा कायमचा कामातून जाईल. घरात ना आई ना आजी, अण्णाची शिफ्ट असली की पोरगं कुणाच्या भरवशावर? आणि प्रश्न माझ्यापर्यंत आलाय कारण अर्जदार एकटा असला की नातेवाइकाचं हमीपत्र लागतं, उद्या याला काही झालं तर मुलाला मी सांभाळीन असं. सख्ख्या भावाने हात वर केले, आता तो कागद माझ्या टेबलावर आहे. काय वाटतं तुम्हाला?

खडूस_गिरगावकर:
शंभर टक्के सहमत. सही करू नका, नसतं लोढणं गळ्यात पडेल. आणि वाईट वाटेल पण बोलतो, एकटा पुरुष, बंद खोली आणि लहान पोरगा, लोक काय काय बोलतील याचा विचार केलाय का? सरकार एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देत नाही, ते उगाच का?

भांडुपकरीण:
@खडूस, म्हणजे मुलग्यांना धोका नसतोच असं सरकारचं म्हणणं आहे का? पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे आणि त्यात मुलगा मुलगी दोघंही येतात. काळजीच असेल तर चौकशी कडक करा म्हणा, ते ठीक. सोशल वर्कर घरी येऊन रिपोर्ट करते, दत्तक दिल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी असते. लग्न झालेल्या किती बापांच्या घरात कोणी असं डोकावतं सांगा. चाळीतली खोली बंद असते हे तर नवीनच ऐकलं, आमच्या चाळीत कोणाकडे कसली फोडणी पडली ते तीन दारांपलीकडे कळायचं 😄

चहा_बिनसाखरेचा:
मी बालगृहात काउन्सेलर होते म्हणून लिहिते, जरा लांबेल. आधी एक, मुलाचं नाव किंवा संस्था इथे टाकली नाहीत ते बरं केलंत, कायद्याने चालत नाही (बाल न्याय कायदा, कलम ७४), अजून माहितीही नका देऊ.

"चोरतो" म्हणजे काय चोरतो ते विचारा. आमच्याकडे एक मुलगा होता, रोज रात्री चपातीची गुंडाळी करून उशीच्या खोळीत ठेवायचा, मुंग्या लागायच्या, बुरशी यायची, ओरडा खायचा आणि परत तेच. त्याला भूक नसायची, उद्या मिळेल याची खात्री नसायची. शेवटी त्याला एक डबा दिला, त्यात बिस्किटं, कधीही उघड, विचारायचं नाही. आठवडेच्या आठवडे डबा रात्रीत रिकामा होत होता आणि आम्ही सकाळी भरत होतो, मग कधीतरी त्यात उरायला लागलं. हे समजून न घेता घरी नेणारे लोक पहिल्या पंधरवड्यात खूश असतात, पोरगं अगदी शहाणं वागतं, आणि मग सुरू होतं. वस्तू फोडणं, शिव्या, पळणं. तुम्ही मला ठेवणार की नाही हे तो बघत असतो. अडीच-तीन महिन्यांत परत आणलेली मुलं बहुतेक इथेच अडकतात.

आता अण्णा. एकटा आहे हा दोष नाही हो. पण त्याला मुलाकडून माया हवी असेल तर कठीण आहे. हा मुलगा वर्षभर त्याला "ए" म्हणेल, बाबा म्हणणार नाही, जेवणाचं ताट ढकलेल. तेव्हा "मी याच्यासाठी एवढं केलं" असं ज्याच्या मनात येतं तो माणूस टिकत नाही, मग बायको असो नसो. मला भीती तेवढ्याचीच वाटेल.

मुलुंडचा_मावसभाऊ:
ताई, तेच तर म्हणतोय. मावशीचं शेवटचं सगळं अंथरुणावर त्याने केलं, डायपरपासून, आणि भावाने साधं विचारलं नाही ही सल अजून काढून दाखवतो दर गणपतीला. हा माणूस हिशोब ठेवणारा आहे.

भांडुपकरीण:
हिशोब ठेवला असेल, पण काम अर्धवट सोडून गेला का? नाही ना? तुम्ही त्याच्याविरुद्ध लिहायला बसलात आणि त्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा स्वतःच दिलात.

ठाण्याचा_बाबा:
आमचा मुलगा सात वर्षांचा असताना घरी आला. आम्ही दोघं होतो तरी पहिलं वर्ष कसं काढलं ते आम्हालाच माहीत. शाळेतून रोज फोन. नातेवाइकांचा सल्ला एकच, दोन रट्टे द्या सुधारेल. ज्याने आधीच मार खाल्लाय त्याला माराने काय नवीन कळणार?

व्यवहाराचं बोलायचं तर अण्णा रेल्वेत आहे ही जमेची बाजू. केंद्राच्या नोकरीत एकल बापालाही चाईल्ड केअर लीव्ह आहे, पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवस. आम्हाला प्रायव्हेटमध्ये चार दिवस सुट्टी मागताना घाम फुटला होता. बाळांसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबतात आणि या वयाच्या मुलांकडे कोणी बघत नाही, अठरा झाली की संस्थेतून बाहेर. वयाचं म्हणाल तर आठच्या पुढच्या मुलासाठी एकट्या अर्जदाराला ५५ पर्यंत चालतं, त्यामुळे अण्णा बसतो नियमात.

विक्रोळी_स्लो:
मधला मार्ग नाही का? आधी फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ घरी सांभाळायचं. २०२४ च्या नव्या गाइडलाइन्समध्ये एकट्या माणसालाही परवानगी आहे आणि दोन वर्षांनी दत्तक घेता येतं. जमलं तर पुढे, नाही तर नाही.

चहा_बिनसाखरेचा:
एरवी चांगला पर्याय आहे. पण हा मुलगा कायद्याने दत्तकासाठी मोकळा आहे, आणि "जमलं तर" हे दोन शब्द त्याने एकदा ऐकलेत. तो ट्रायलवर आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल. त्यापेक्षा त्याला विचारा. पाचच्या वरच्या मुलाची संमती लागते, ती नुसती फॉर्मवर नको. दोन-चार वेळा भेटू दे दोघांना.

आगाऊ_पोरगा:
मी एक बोलू का काका? चिडू नका. धागा अण्णावर आहे पण तुमचा प्रश्न सहीचा आहे. अण्णाने कुत्रा आणला असता तर तुम्ही त्याच्या स्वभावावर एवढं लिहिलं असतं का?

मुलुंडचा_मावसभाऊ:
आहेच सहीचा, लपवलंय कुठे? वन बीएचके, दोन मुली, एक दहावीला. उद्या अण्णाला हार्ट अटॅक आला आणि ज्याच्या मागचं काही माहीत नाही असा बारा-तेरा वर्षांचा मुलगा माझ्या हॉलमध्ये झोपायला आला तर बायकोला मी काय सांगू? इथे सगळे मोठ्या मनाचे आहेत, सही मात्र मला एकट्याला करायचीय.

खडूस_गिरगावकर:
+१. लाख बोललात.

ठाण्याचा_बाबा:
भीती रास्त आहे. मग हेच्या हे सोशल वर्करला सांगा, बायकोला बरोबर घेऊन जा, मुलाची फाइल दत्तक घेणाऱ्याला दाखवतात, काय झालंय काय नाही ते अण्णाला नीट विचारून घ्या. आणि नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. वेळच येणार नाही या हिशोबाने केलेली सही सगळ्यात वाईट, कारण वेळ आली की ती मुलावर येते.

भांडुपकरीण:
आणि वहिनींना अजून विचारलेलंच नाही असं दिसतंय. इथे आधी आलात 🙂

मुलुंडचा_मावसभाऊ:
विचारलं आजच. म्हणाली कागद राहू दे, आधी अण्णांना रविवारी जेवायला बोलवा, काय ते त्यांच्या तोंडून ऐकू. माझं मत अजून तेच आहे. पण बोलावलंय.

चहा_बिनसाखरेचा:
बोलवाच. आणि एक विचारा त्याला, हा मुलगा पळून गेला तर मध्यरात्री कुणाला फोन करशील? एकही नाव सांगता आलं नाही तर मी सुद्धा म्हणेन थांब. चार नावं आली, त्यात शेजारच्या काकू असल्या, तर पेन काढा.