युनिफॉर्म महाग की साधे कपडे? दोन पोरांचं बिल बघून झोप उडालीय

फुलेवाडीची आई
मुलगी चौथीला, मुलगा यंदा पहिलीला. काल शाळेनं सांगितलेल्या दुकानात गेलो तर दोघांचे मिळून 7,840 झाले, बूट-सॉक्स अजून धरलेच नाहीत. रोजचे दोन-दोन ड्रेस, पीटीचा पांढरा, हाऊसचा टीशर्ट आणि वर ब्लेझर. एवढ्यात गांधीनगरच्या कापड बाजारात दोघांचे वर्षाचे कपडे झाले असते की. आमचे हे म्हणतात युनिफॉर्मच बंद करायला पाहिजे, साधे कपडे घालून जाऊ देत पोरं. खरंच स्वस्त पडेल का ओ? 15 जूनला शाळा सुरू होत्यात, कुणीतरी सांगा.

उचगावकर
नाही पडत ताई. माझी भाची ज्या नर्सरीत होती तिथं युनिफॉर्म नव्हता, आम्हीपण खूश झालेलो, पण महिन्याभरात रोज सकाळी रडारड, "हा परवाच घातलेला, सगळे बघतात". शेवटी बहिणीनं सात-आठ ड्रेस घेतले आणि ते पुढच्या जूनला आखूड झाले. युनिफॉर्ममध्ये निदान कुणाच्या घरी किती पैसा आहे ते कपड्यावरनं कळत नाही. फक्त आपल्याकडच्या पावसात दोन जोड पुरत नाहीत, जुलैत दोन-दोन दिवस कपडा वाळत नाही, शर्ट तरी तिसरा घ्याच.

राजारामपुरीतला टेलर
22 वर्षं शिलाई करतोय म्हणून सांगतो, महाग कापड नाही, महाग आहे ते एकाच दुकानात मिळणं. पांढरा शर्ट, नेव्ही ब्ल्यू पँट असली तर कापड कुठंही मिळतं. चौकड्याचं खास डिझाईन आणि छापलेला लोगो आला की ते दुसरीकडं मिळत नाही आणि मग भाव दुकानदार म्हणेल तो. ठराविक दुकानातनंच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, 2004 चा शासन निर्णय आहे. दुसरं म्हणजे रेडीमेडला आत दाब, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, नसतो. शिवून घेताना वाढत्या अंगाचं सांगा, पँटला खाली तीन बोटं दुमड आणि मागच्या शिवणीत दीड इंच कापड सोडायला लावा, दर वर्षी उसवून वाढवता येतं. असला ड्रेस दोन वर्षं आरामात जातो, धाकट्याला पण होतो. रंगीत कपड्याचं असं कोण करत नाही.

झेडपीचा मास्तर
आमच्याकडं पहिली ते आठवीला दोन गणवेश मोफत, दोन्हीला मिळून सरकार 600 रुपये देतं. 2024 ला कापड वरनं येऊन बचत गटांनी शिवायचं ठरलेलं, नंतर ते परत शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं. 600 मध्ये दोन ड्रेस म्हणजे कापड बेतानंच येतं, पण लोगोचा, हाऊसचा खर्च नाही म्हणून जमतं. ताई, तुमच्या बिलात रोजच्या ड्रेसचे किती आणि बाकीचे किती ते एकदा वेगळं करून बघा.

फुलेवाडीची आई
बघितलं सर. चार रोजचे ड्रेस 3,400. पीटी, हाऊस आणि ब्लेझरचेच 4,440! आणि ब्लेझर गेल्या वर्षी मुलीनं गॅदरिंगला आणि फोटोला घातला, बस. मुलाचा पँट-शर्ट शिवूनच घेते, काका, कापड किती मीटर लागेल पहिलीच्या पोराला? ब्लेझरचं शनिवारच्या पालक सभेत मी उठून विचारणार आहे, वर्गातल्या आणखी चौघीजणी तयार आहेत.

राजारामपुरीतला टेलर
शर्टाला सव्वा मीटर, हाफ पँटला पाऊण. दाबासाठी वितभर जास्तच घ्या, आणि कापड आधी एकदा भिजवून वाळवा, नंतर आटतं.